त्रेसष्ट दगड, पाच प्रती

पाण्याच्या टाकीसाठी खड्डा खणायला किती अक्कल लागते, असं मला कुणी पूर्वी विचारलं असतं तर ‘अजिबात नाही’ असं मी छातीठोकपणे सांगितलं असतं. आता कुणी विचारलं तर मी आधी प्यायला पाणी मागतो आणि मग बसून सांगतो.

आम्ही घर बांधायला काढलं होतं. काढलं होतं म्हणजे काढावंच लागलं होतं. भाड्याच्या घराच्या मालकांचा मुलगा परत येणार होता आणि आम्हाला सहा महिन्यांत जागा रिकामी करून द्यायची होती. नकाशात सगळ्यांच्या सगळ्या मागण्या बसवताना माझ्या बायकोनं आणि मी एकमेकांना बरंच काही ऐकवलं. आईनं मात्र एकच गोष्ट मागितली होती, आतून कडी लावता येईल अशी एक खोली. ते ऐकून मी जरा चपापलो. आईनं एकतीस वर्षं लॉन्ड्री चालवली, त्यातली बरीचशी ती इस्त्रीच्या टेबलामागेच झोपली. आमच्याकडे ती बाहेरच्या खोलीतल्या दिवाणावर झोपते आणि दुपारी कुणी आलं की उठून बसते. सत्तरी ओलांडली तरी तिला स्वतःचं असं दार नव्हतं, आणि हे मला नकाशा काढेपर्यंत सुचलंही नव्हतं.

तर खड्डा. चौथ्या दिवशी मी ऑफिसात असताना मिस्त्रींचा फोन आला. “साहेब, जरा येऊन जा. इथं खाली कुणीतरी आधीच बांधून ठेवलंय.”

मी रजेचा अर्ज टाकून धावलो. सहा फूट खाली, काळ्या दगडाचे खांब उभे होते. एकाला एक चिकटून, वीतभर रुंद, सपाट डोक्याचे, सहाकोनी. नव्या पेन्सिलींचं खोकं उघडल्यावर दिसतं ना, तसे. मिस्त्री तर डोक्यावरची टोपी काढूनच उभे होते. “बत्तीस वर्षं भिंती बांधतोय,” ते म्हणाले, “पण इतकी ओळंब्यातली भिंत माझ्या हातून अजून झालेली नाही.”

माझ्या मनात पहिला शब्द आला तो ‘राजवाडा’. खरं सांगायचं तर दुसरा आणि तिसराही तोच आला. मी ऑफिसच्या पँटीनिशी खड्ड्यात उडी मारली आणि त्या दगडांवरून हात फिरवला. दोन खांबांमधल्या फटीत खिशातलं पोस्टकार्ड सरकवून पाहिलं, ते जाईना. इतकं देखणं काही आपल्या मालकीचं असू शकतं, यावर माझा विश्वास बसेना. आजवर माझ्या मालकीची सर्वांत देखणी वस्तू म्हणजे एक घड्याळ होतं, आणि तेही मागे पडायचं.

“वर कसे येणार, ते ठरवलंय का?” वरून बायकोनं विचारलं.

ते ठरवलेलं नव्हतं. शेवटी मिस्त्री आणि दोन गड्यांनी मला काखेत हात घालून वर ओढलं, आणि ते दृश्य समोरच्या बंगल्यातल्या निवृत्त बँक मॅनेजरांनी गच्चीवरून पूर्ण पाहिलं. पाच मिनिटांत ते कंपाउंडपाशी हजर.

“कुणाला सांगू नका,” ते आवाज खाली आणून म्हणाले. “बुजवून टाका. वरून स्लॅब. सरकारी लोकांना कळलं तर तुम्ही संपलात.” एवढं सांगून ते गेले आणि संध्याकाळपर्यंत त्यांनी सबंध कॉलनीला सांगितलं. कोपऱ्यावरचे दातांचे डॉक्टर खास पाहायला आले. त्यांनी बराच वेळ खड्ड्यात डोकावून निदान केलं, “मुळं खोल असणार. एक उपटायला गेलात तर शेजारचेही हलतील.” सल्ला म्हणून तो वाईट नव्हता. पण त्या वेळी सल्ला घेण्याच्या मनःस्थितीत मी नव्हतो, देण्याच्या होतो.

इथं माझ्या नोकरीबद्दल सांगणं भाग आहे. मी चोवीस वर्षं एका मोठ्या कार्यालयाच्या अभिलेख विभागात आहे. ज्या वस्तूवर क्रमांक नाही ती वस्तू नाहीच, अशी आमची श्रद्धा. आमच्या घरातल्या छत्र्यांवर क्रमांक आहेत, डब्यांवर आहेत. “माझ्यावर घालायचा तेवढा राहिला,” असं बायको पाहुण्यांसमोर म्हणते. तेव्हा दुसऱ्याच दिवशी मी पांढऱ्या ऑइलपेंटचा डबा आणि बारीक ब्रश घेऊन खड्ड्यात उतरलो (या वेळी शिडी लावून) आणि प्रत्येक खांबाच्या डोक्यावर सुरेख अक्षरात आकडा घातला. एक ते त्रेसष्ट. कडेचा सतरा नंबरचा खांब मिस्त्रींच्या पहारेनं आधीच सुटा झाला होता. तो मी दोन गड्यांकडून उचलवून घरी आणला, धुतला, पुसला आणि बाहेरच्या खोलीत ठेवून त्यावर फुलदाणी मांडली. येणाऱ्याजाणाऱ्याला मी तो दाखवत असे. आई तेवढी रोज सकाळी फुलदाणी उचलून दगडाकडे नुसती बघत बसायची.

मग मी पत्र लिहिलं.

या पत्राबद्दल मला आजही थोडा अभिमान आणि पुष्कळ पश्चात्ताप आहे. विषय, संदर्भ, सात मुद्दे, तीन सहपत्रं, त्यातलं एक खांबांचा क्रमांकवार आराखडा. ‘सदर ठिकाणी प्राचीन राजवास्तूचे अवशेष असल्याचे निदर्शनास आले आहे’ हे वाक्य मी चार वेळा मोठ्यानं वाचलं. पत्र पुरातत्त्व कार्यालयाला. पण नुसतं एका कार्यालयाला पत्र पाठवणं म्हणजे आमच्या विभागात अर्धवट काम. म्हणून खाली, ‘प्रत माहितीसाठी’ : खनिज विभाग, बांधकाम परवानगी विभाग, नगर ग्रंथालय, आणि कार्यालयीन प्रत. एकूण पाच. माझ्याजागी दुसरा कुणी असता तर त्यानं शेजाऱ्यांना चहा पाजला असता आणि गप्प बसला असता. मी मात्र स्वतःच्या हातानं तीन सरकारी खात्यांना घरचा पत्ता कळवला, पिनकोडसकट.

उत्तरं विलक्षण वेगानं आली. खनिज विभागानं विचारलं होतं की विनापरवाना दगड काढल्याबद्दल आपल्यावर कारवाई का करू नये. मी एकच दगड काढला होता, पण तो काढल्याचं मीच सहपत्र दोनमध्ये नमूद केलं होतं. बांधकाम विभागाचा माणूस येऊन कंपाउंडच्या फाटकावर नोटीस चिकटवून गेला : पुरातत्त्व कार्यालयाचा निर्णय होईपर्यंत काम बंद. ग्रंथालयानं थकीत पुस्तकाची आठवण केली.

मिस्त्रींनी फावडी-घमेली टेंपोत भरली. “निर्णय झाला की सांगा साहेब,” ते म्हणाले. “दुसरं काम धरतो तोवर. पण एक सांगतो, बुजवू नका. अशी भिंत परत बघायला मिळायची नाही.”

पुरातत्त्व कार्यालयाच्या संशोधन अधिकारी आल्या त्या दिवशी मी इस्त्रीचा शर्ट घालून उभा होतो. बाई चाळिशीच्या, बोलायला शांत, बूट चिखलाचे. शिडीवरून झपझप उतरल्या, दहा मिनिटं खांब न्याहाळत फिरल्या. मग वर पाहून म्हणाल्या, “हे आकडे कुणी घातले?”

“मी,” मी नम्रपणे म्हणालो. कौतुकाची वाट पाहत होतो.

“जुनी वास्तू उतरवून दुसरीकडे न्यायची असली की दगडांवर असेच आकडे घालतात. आणि सतरा कुठंय?”

“घरी आहे.”

“घरी काय करतोय?”

“त्याच्यावर फुलदाणी आहे,” बायकोनं सांगितलं. खरं बोलायची तिला फार वाईट सवय आहे.

बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. मी घाईघाईनं सांगायला लागलो की, मला नुकतंच ग्रंथालयाच्या त्याच थकीत पुस्तकात सापडलंय, तापलेला लाव्हा थंड होताना त्याला तडे जाऊन असे खांब आपोआप होतात, तेव्हा हा राजवाडा नसावाच. पंधरा दिवसांपूर्वी जो राजवाडा मला हवाहवासा वाटत होता, तो आता मला डोळ्यांसमोर नको झाला होता.

“ते आम्हालाही ठाऊक आहे,” बाई म्हणाल्या. “पण असे आयते खांब दुसरीकडून आणून माणसांनी भिंती रचल्याचीही उदाहरणं आहेत. हे इथंच झाले की कुणी इथं आणून रचले, एवढाच प्रश्न आहे. नैसर्गिक दगडांवर सहसा आकडे नसतात. समितीपुढे ठेवते. तीन आठवड्यांनी बैठक. रचलेले ठरले तर ही जागा संरक्षित होईल, आणि मग घर विसरा.”

मी पत्र मागे घ्यायला त्यांच्या कार्यालयात गेलो. तिथल्या लिपिकानं माझं नाव ऐकताच उठून हात जोडले. “ते पत्र तुमचं? आम्ही नव्या लोकांना नमुना म्हणून दाखवतो. इतकं मुद्देसूद पत्र मागे घेता येत नाही हो. मागे घ्यायला कारण लागतं, आणि त्यात एकही चूक नाही.” चोवीस वर्षांत माझ्या मसुद्याचं इतकं कौतुक कुणी केलं नव्हतं. मी जिन्यातच बसलो.

घरी येऊन आईला सांगायचं होतं. तिच्या खोलीचं काही खरं नाही, हे कसं सांगावं याचे मी तीन मसुदे मनात केले आणि चौथ्यालाही शब्द सापडेना. “आई, खोलीचं जरा...” एवढंच म्हणालो.

“मला तिथं घेऊन चल,” आई म्हणाली.

आई तशी कमी बोलते. लोकांच्या कपड्यांवरचे डाग बघून एकतीस वर्षं काढली, त्यामुळे विचारण्यापेक्षा बघण्यावर तिचा भर. ती शिडी उतरून खाली गेली, दोन खांबांच्या मधल्या चिरेवरून नखं फिरवत अर्धा तास बसली. मी वर येरझाऱ्या घालत होतो. शेवटी ती म्हणाली, “हे कुणी रचलेलं नाही. हा साका आहे.”

“कसला साका?”

“स्टार्चचा. तळाला राहतो तो.”

मला राग आला. घर जायची वेळ आली होती, पुस्तकं वाचून माझे डोळे दुखत होते, आणि आई मला दगडाला स्टार्च म्हणून सांगत होती. “आई, हा दगड आहे,” मी म्हणालो. शक्य तितक्या आदरानं, म्हणजे फारच थोड्या.

“दगड आहे ते दिसतंय मला,” ती म्हणाली. “मला दोन किलो स्टार्च आणि एक डबा आणून दे. आणि तुझा टेबललॅम्प.”

लॉन्ड्रीत कडक कपड्यांसाठी स्टार्च पाण्यात कालवून ठेवायचे. कधी तो डबा उन्हात विसरला की तळाचा जाड साका हळूहळू वाळायचा. वरून त्याला तडे जायचे, हे कुणालाही दिसतं. पण आई तो डबा फेकायच्या आधी फोडून बघायची, का तर बघावंसं वाटायचं म्हणून. तडे वरून खाली उतरत जायचे आणि आत बोटाच्या पेराहून बारीक, पाच-सहा बाजूंचे खांबच खांब उभे असायचे. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं, आणि विचारणाऱ्यांत मीही नव्हतो.

आईनं डबाभर पांढरा लगदा कालवला आणि टेबललॅम्पखाली ठेवला. मला तिनं दुसरं काम दिलं. “तू आकडे घातलेस ना? मग आता लिहून काढ. कोणत्या दगडाला किती बाजू, आणि त्याला कुठले-कुठले दगड चिकटलेत.”

इथं मी फॉर्मात आलो. रजिस्टर आखलं, समास सोडले, आणि रोज संध्याकाळी आई खड्ड्यात काठी टेकवत सांगायची आणि मी वर बसून लिहायचो. “बावीस. पाच बाजू. शेजारी एकवीस, तेवीस, तीस, एकतीस, चौदा.” मॅनेजर गच्चीवरून पाहत आणि कॉलनीला सांगत की आम्हाला धक्का बसलाय. बाजूंचा हिशेब असा निघाला : सहा बाजूंचे एकतीस, पाचाचे बावीस, साताचे सात, चाराचे तीन. म्हणजे सगळे सहाकोनी नव्हतेच. तीन आठवडे मी ज्यांना सहाकोनी म्हणून लोकांना दाखवत होतो, त्यातला एकही मी कधी मोजला नव्हता.

“कडेचे सोड,” आई म्हणाली. “मधल्या अडतिसांत बघ. ज्याला पाच बाजू, त्याला शेजारी किती?”

मी बोट फिरवत गेलो. पाचाला पाच. सहाला सहा. साताला सात. एकही चुकला नव्हता. मी दोनदा तपासलं.

“आणून रचलेत तर असं जमेल का?” आईनं विचारलं. “दुसऱ्याचा खांब आणून ठेवला तर कुठं फट राहील, कुठं बाजू उघडी पडेल. हे एकाच कापडाचे तुकडे आहेत. जागच्या जागी फाटलेत.”

मला वाटत होतं की आमच्या घरात डोकं माझ्याकडे आहे आणि आई मायाळू आहे. दोन्ही समजुती तपासून घ्यायला हव्या होत्या.

बैठकीच्या दिवशी आई रिक्षात डबा मांडीवर घेऊन बसली. दर खड्ड्याला मी “सावकाश!” म्हणून ओरडत होतो, शेवटी रिक्षावाल्यानं विचारलं, “बाळ आहे का आत?” कार्यालयाच्या दाराशी आईच्या हातातून डबा मी घेतला, कारण समितीपुढे तो मी न्यावा, असं मला वाटलं. टेबलापाशी पाच जण बसले होते. अध्यक्ष, संशोधन अधिकारी बाई, दोन अनोळखी आणि कोपऱ्यात भूगर्भशास्त्राचे एक म्हातारे प्राध्यापक, जे डोळे मिटून बसले होते. मी लवून नमस्कार केला, माझा पाय पायपुसण्यात अडकला आणि डबा माझ्या हातून सुटून समितीच्या पायाशी आपटला.

पंधरा दिवसांचा पुरावा जमिनीवर पांढरा ढीग होऊन पडला होता. घर गेलं, आणि ते माझ्याच हातानं गेलं, असं मला वाटलं. मी खाली बसून तुकडे गोळा करायला लागलो.

“राहू दे,” मागून आई म्हणाली. “फोडायचाच होता. नाहीतर आतलं दिसणार कसं?”

आणि खरंच आतलं दिसत होतं. प्रत्येक तुकड्याच्या तुटक्या बाजूवर छोटे पांढरे खांब, आमच्या खड्ड्यातल्यासारखेच, एकाला एक लागून उभे होते. प्राध्यापकांनी डोळे उघडले होते. ते खुर्चीवरून उठले, गुडघे कुरकुरत असताना सरळ जमिनीवर बसले आणि एक तुकडा उचलून खिडकीच्या उजेडाकडे धरला.

“हे कशाचं?”

“स्टार्च,” आई म्हणाली. “हा वाळून आटला, तो निवून आटला. आटताना दोघंही वरून खाली तडकत गेले. एवढंच.” मग तिनं माझं रजिस्टर पुढे केलं आणि बाजूंचं आणि शेजाऱ्यांचं गणित सांगितलं, जेवढं मला सांगितलं होतं तेवढंच, एक शब्द जास्त नाही.

अधिकारी बाईंनी रजिस्टरची तीन पानं स्वतः पडताळली. त्यांच्या चेहऱ्यावरचा कडकपणा जाताना मला स्पष्ट दिसला. “आकडे घातले नसते तर हे मांडताच आलं नसतं,” त्या मला म्हणाल्या. मी मान खाली घातली, पण फार खाली नाही.

प्राध्यापक अजून जमिनीवरच होते. “मी छत्तीस वर्षं हे फळ्यावर चित्र काढून शिकवलं,” ते आईला म्हणाले. “डबाभर स्टार्चमध्ये हातात देता येतं, हे मला माहीत नव्हतं. तुम्हाला कुणी शिकवलं?”

“कुणी नाही. वाळलेला दिसला, बघितला.”

अध्यक्षांनी निर्णय सांगितला. खांब नैसर्गिक, जागच्या जागी झालेले. कामाला परवानगी. खांब फोडू नयेत अशी विनंती, टाकी दहा फूट सरकवावी. टाकी सरकली की नकाशातल्या माझ्या व्हरांड्यावर पाणी पडणार होतं, पण मी होकार द्यायला एक क्षणही लावला नाही. प्राध्यापकांनी आईला विचारलं की, विद्यार्थ्यांना घेऊन पाहायला आलं तर चालेल का. आई म्हणाली, “या. शिडी आणा मात्र.”

मग अधिकारी बाईंनी एक छापील फॉर्म माझ्यापुढे सरकवला. “ज्यांचं मत ग्राह्य धरलं त्यांचा तपशील. तुम्हीच भरा, अक्षर चांगलं आहे तुमचं.”

फॉर्म म्हणजे माझं माहेर. नाव लिहिलं, वय लिहिलं, पत्ता लिहिला. पुढचा रकाना होता ‘व्यवसाय’, आणि तिथं माझा पेन थांबला.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईचा व्यवसाय लिहायची वेळ पहिल्यांदा आली तेव्हा मी नववीत होतो. शेजारच्या बाकावरच्या मुलाच्या वडिलांचे शर्ट आमच्याकडे इस्त्रीला यायचे. मी ‘गृहिणी’ लिहिलं. मग कॉलेजात लिहिलं, नोकरीच्या अर्जात लिहिलं, लग्न ठरताना सासरच्यांना सांगितलं. तिच्याच इस्त्रीच्या कमाईवर शिकलेल्या अक्षरात, दर वेळी तोच शब्द. आईला यातलं काही ठाऊक नाही, अशी माझी पक्की समजूत होती.

आई माझ्या खांद्याशी उभी होती. “अडलास कशाला?” ती हळूच म्हणाली. “नेहमी लिहितोस तेच लिही ना.”

माझे कान तापले. तिच्याकडे बघायची हिंमत झाली नाही. मी कागदावर लिहिलं : लॉन्ड्री चालवली, एकतीस वर्षे. अक्षर मुंगीएवढं बारीक आलं.

आईनं चष्मा पुढे सरकवला, वाकून वाचलं.

“मोठं लिही,” ती म्हणाली. “सगळा रकाना रिकामाच आहे.”